तोंडाची किल्ली

पेण तालुक्यातल्या जोहे गावात ज्याने एकदा पाऊल टाकले, त्याला तोंडाचे फारसे अप्रूप उरत नाही. मुंबई-गोवा हमरस्ता सोडून हमरापूरच्या अंगाला वळावे, की घरोघरची ओटी, पडवी, मागचे परसू आणि रस्त्याकडेची शेड गणपतींनी भरलेली दिसते. एका रांगेत पन्नास, तिच्यामागे आणखी पन्नास. अजून रंग न चढलेले, पांढरेफटक, एकाच रबरी साच्यातून निघालेले. गाल तेच, सोंडेचा वळसा तोच, कानाची पाळी तीच. अशा कच्च्या मूर्ती गाड्या भरभरून परगावी जातात आणि तिथे रंगतात. कच्ची मूर्ती आपल्याकडे पाहत नाही. ती पाहू लागते अगदी शेवटी, डोळ्यांची आखणी झाल्यावर. आणि आखणी करणारा हात कारखान्यात एखाद्याचाच असतो. बाकीची मंडळी साचा भरतात, काथ्या लावतात, घासकाम करतात, रंग मारतात. हा माणूस मात्र श्वास धरून दोन रेषा ओढतो, आणि तेवढ्याने शंभर सारख्या तोंडांतले एक वेगळे होते. मूर्ती शाडूची असावी की प्लास्टरची, ह्या वादात मी इथे शिरत नाही. तो वाद न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे आणि त्याला दुसरा दिवाळी अंक लागेल.

अशा गावाच्या निमित्ताने मी टेबलावरच्या संगणकाच्या कुलपाविषयी लिहिणार आहे. संगणकाने धन्याचे तोंड पाहून उघडावे की नाही, हा प्रश्न शहरातल्या वातानुकूल कचेरीत बसून विचारला तर त्याचे उत्तर सोपे वाटते. माझ्या मनात तो जोह्यात उभा राहिला, म्हणून उत्तरही तिथलेच आहे.

तिथल्या एका कारखान्याशी आमचा जुना घरोबा. आमच्या घरचा गणपती तीन पिढ्या तिथून येतो. मालक साठीच्या पुढचे; उमेदीत स्वतः आखणी करीत, पुढे हात थोडा कापू लागल्यावर ते काम त्यांनी दुसऱ्याला दिले आणि आपण हिशेबाला बसले. हिशेबाच्या वह्या होत्या तोवर ठीक चालले होते. मग मुलाने कॉम्प्युटर आणला. कोणत्या गावच्या कोणत्या मंडळाची किती फुटी मूर्ती, इसार किती आला, बाकी किती, गाडी कधी लागणार, परदेशी जाणाऱ्या पेट्यांत कोणता नग कुठे, हे सारे त्यात. तीन वर्षांपूर्वी त्या कॉम्प्युटरवर एक छोटा कॅमेरा चढला. मी गेलो तेव्हा मुलाने कौतुकाने दाखवले, "काका, बघा हं." त्याने वडिलांना खुर्चीत बसवले. पडदा क्षणभर विचारात पडल्यासारखा झाला, आणि उघडला. मालकांच्या तोंडावर जे हसू पसरले ते पाहून मलाही बरे वाटले. कारण त्यांच्या बोटांची कथा मला ठाऊक होती. जन्मभर प्लास्टर कालवून आणि पॉलिशपेपर घासून अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ गेल्या होत्या. जिथे जिथे अंगठा लावायचा, तिथे तिथे यंत्र त्यांना नाकारीत असे. आता एका यंत्राने त्यांना पाहताक्षणी ओळखले होते. "अंगठा गेला तरी तोंड आहे," असे ते म्हणाले. त्या यंत्रात मुद्दाम त्यांचे एकट्याचेच तोंड नोंदवले होते. हिशेब दुसऱ्या कुणी उघडू नये, ही त्यांचीच इच्छा.

पुढच्या वर्षी जेठ महिन्यात मालकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. बोलणे जड झाले आणि तोंड एका बाजूला ओढले गेले. चतुर्थीला अडीच महिने होते. इस्पितळातून घरी आल्यावर आठव्या दिवशी त्यांना धरून खुर्चीत बसवले. यंत्राने पाहिले, आणि ओळखले नाही. पुन्हा पाहिले, पुन्हा नाही. मग त्याने आकडे मागितले. तोंडाची किल्ली बसवताना हे आकडे द्यावेच लागतात, नाहीतर ती बसतच नाही. ते पहिल्या दिवशी दुकानातून आलेल्या पोराने कसले तरी टाकून दिले होते. वर्षभर कुणाला त्यांची गरज पडली नाही, म्हणून कुणाला ते आठवतही नव्हते. खुर्चीशेजारी मालकीणबाई उभ्या होत्या. चाळीस वर्षे ज्या तोंडाकडे पाहून त्यांनी संसार केला, ते वाकडे झाले म्हणून त्यांना क्षणभरही परके वाटले नव्हते. त्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सगले ओलखतात, ह्यालाच काय झालं?"

ह्या एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. लाख माणसे रोज तोंड दाखवून यंत्रे उघडतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. परंतु बाईंच्या प्रश्नाचा मी जसजसा विचार करू लागलो, तसतसे मला वाटू लागले, की बिघाड त्या कॅमेऱ्यात नव्हताच. ज्या कामाला चेहरा देवाने दिलेला नाही, त्या कामाला आपण तो जुंपला होता.

चेहरा कशासाठी आहे? दुसऱ्यांनी आपल्याला ओळखावे म्हणून. तो उघडा असतो, बाजारात असतो, लग्नाच्या फोटोत असतो, आता तर नात्यागोत्यातल्या शंभर मोबाइलांत असतो. किल्ली कशासाठी आहे? ती आपल्यापाशी असावी आणि दुसऱ्यापाशी नसावी म्हणून. जी वस्तू लपवण्यात अर्थ आहे, ती आपण कनवटीला लावतो. जी दाखवण्यात अर्थ आहे, ती कपाळाला लावतो. कुंकू कनवटीला आणि किल्ली कपाळाला लावणाऱ्या बाईला आपण वेडी म्हणू. संगणक बनविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी मात्र हेच केले, आणि आपण त्याला प्रगती म्हणालो.

ह्याच आगरात, ह्याच कोकणात तोंडावर विश्वास ठेवल्याची फार मोठी किंमत एकदा मोजली गेली आहे. पानिपतावर 1761 साली सदाशिवराव भाऊ पडले. रणातून मिळालेल्या धडाला शीर नव्हते आणि ते अंगावरच्या खुणांवरून ओळखावे लागले, असे तत्कालीन हकिकतींत येते. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत आपले वैधव्य मान्य केले नाही. मग सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण, ज्याची चेहरेपट्टी भाऊसाहेबांशी मिळती होती, आपणच भाऊ असे म्हणू लागला. त्याला पकडून कैदेत टाकले. तरी 1776 साली तो रत्नागिरीच्या किल्ल्यातून बाहेर पडला, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसे त्याच्यामागे उभी राहिली. शेवटी तो कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यास नेला गेला, आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ह्यावर नाटक लिहिले, म्हणून तोतयाचे बंड निदान नावाने तरी आपल्याला माहीत असते. ज्यांनी त्याला किल्ल्यांची दारे उघडून दिली ते सगळेच मूर्ख नव्हते. काहींचा स्वार्थ होता, काहींची भाबडी आशा होती. पण दार उघडायला निमित्त झाले ते तोंड. आणि तो खोटा ठरला तो चौकशीत, म्हणजे त्याला विचारल्यावर.

चेहरा पाहणे आणि प्रश्न विचारणे ह्यांत जो फरक आहे, तोच तोंडओळख आणि परवलीचा शब्द ह्यांत आहे. रात्री किल्ल्याच्या दरवाजाशी आलेल्या माणसाला पहारेकरी परवल विचारी. ओळखीचा असला तरी विचारी. कारण ओळखीचा माणूस फितूर झालेला असू शकतो, त्याच्या मानेवर मागून कुणी सुरी धरलेली असू शकते. परवल सांगायची की नाही, हे मात्र त्याच्या मनावर असते. तोंड हे मनावर नसते. झोपलेल्या माणसालाही तोंड असते. हात बांधलेल्या माणसालाही असते. आजची यंत्रे डोळे उघडे आहेत का एवढे पाहतात, हे खरे. पण डोळे उघडे असणे आणि राजी असणे ह्या दोन गोष्टी जगात अजून तरी वेगळ्या मानल्या जातात.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड ह्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी निर्णय दिला, की आरोपीकडून अंगठ्याचा ठसा किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. शरीर दाखवणे निराळे आणि मनातले सांगणे निराळे. ह्याच न्यायाने पाहिले तर तोंड हे अंगठ्याच्या बाजूला पडते. मनात ठेवलेला शब्द सांगायची सक्ती आरोपीवर करता येईल की नाही, ह्यावर आपल्याकडच्या न्यायालयांत अजून दुमत आहे. म्हणजे निदान भांडायला जागा आहे. तोंडाच्या बाबतीत भांडायला जागा फारच थोडी उरते. मला काही चोरून ठेवायचे नाही, मग मला काय त्याचे, असे म्हणणाऱ्या सज्जनांना मी एवढेच विचारतो, की तुमच्या घराला कडी कशासाठी आहे?

आता यंत्राकडे वळू, कारण यंत्रावर अन्याय होता कामा नये. तोंड पाहून उघडणारी पहिली पहिली यंत्रे अगदीच भोळी होती. 2009 साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत व्हिएतनामी संशोधकांनी लेनोवो, असूस आणि तोशिबा ह्यांचे मांडीवरचे संगणक मालकाचा फोटो दाखवून उघडून दाखवले. 2011 साली अँड्रॉइड फोनांत आलेली तोंडओळखही फोटोला भुलली. पुढे सुधारणा झाली. 2015 साली विंडोज 10 बरोबर मायक्रोसॉफ्टने 'विंडोज हॅलो' आणले. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात तोंड पाहते, त्यामुळे साध्या फोटोने फसत नाही. 2017 साली अ‍ॅपलने आपल्या फोनात तोंडावर हजारो ठिपके पाडून खोली मोजणारा कॅमेरा बसवला, आणि परक्या माणसाच्या तोंडाने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक असल्याचे सांगितले. बोटाच्या ठशाची पन्नास हजारांत एक होती. मात्र त्याच दमात कंपनीने हेही सांगितले, की जुळी भावंडे, तोंडावळा सारखा असलेली सख्खी भावंडे आणि तेरा वर्षांखालची मुले ह्यांच्या बाबतीत हा हिशेब तेवढा खरा नाही. पेणच्या एखाद्या एकत्र कुटुंबात ह्या अटी लावून पाहा, म्हणजे कितीजण उरतात ते कळेल. आणि अवरक्त कॅमेराही अगदीच अभेद्य नव्हता. 2021 साली संशोधकांनी स्वतः कॅमेरा असल्याची बतावणी करणारे एक उपकरण संगणकाला जोडले, त्यातून मालकाचे अवरक्त चित्र आत सोडले, आणि संगणक उघडला. मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती काढली. पुढचे भोक सापडले की पुढची दुरुस्तीही निघेल. त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही, कुलपाचा आणि चोराचा हा खेळ जुनाच आहे. मला दोष दिसतो तो वेगळाच. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो. तोंड फुटले तर माणूस काय बदलणार?

ह्यावर प्रतिपक्षाचे जे सर्वांत बळकट उत्तर आहे, ते मी लपवणार नाही. ते म्हणतात: लोक परवलीचे शब्द पाळतात कुठे? जन्मतारीख ठेवतात, एक-दोन-तीन-चार ठेवतात, चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवतात. दूर कुठे तरी बसलेला भामटा खोट्या पानावर नेऊन तो शब्द काढून घेतो आणि पेणच्या पेन्शनराचे खाते धुऊन नेतो. तोंड असे फोनवरून काढून घेता येत नाही. त्याची मोजमापे यंत्रातच राहतात, बाहेर जात नाहीत. हे सगळे खरे आहे. पण नीट पाहिले तर हा गुण तोंडाचा नाही. किल्ली एका यंत्राशी बांधलेली असण्याचा तो गुण आहे, आणि त्या यंत्रापुरत्या दिलेल्या चार-सहा आकड्यांतही तो तेवढाच असतो. ते आकडे दुसऱ्या यंत्रावर चालत नाहीत, म्हणून दूरच्या भामट्याला ते कळूनही उपयोग नाही. मग तोंड कशाला? शिवाय मघा सांगितलेच, की तोंडाची किल्ली बसवायची तर आधी आकडे द्यावेच लागतात. म्हणजे जुने दार बंद होत नाही. त्याच्या शेजारी एक दुसरे पडते. ज्या घराला दोन दारे आहेत आणि दोन्ही चोराला चालतात, त्या घराचा मालक 'आता माझे घर दुप्पट सुरक्षित झाले' असे म्हणू लागला, तर जोह्यातला शाळकरी पोरगाही हसेल.

राहिली सोय. फोनाच्या बाबतीत सोयीचा मुद्दा मला समजतो. फोन दिवसातून शंभरदा खिशातून निघतो, रस्त्यात निघतो, एका हातात पिशवी असताना निघतो. टेबलावरचा संगणक मात्र जागचा हलत नाही. तो सकाळी एकदा उघडतो, जेवणानंतर एकदा. त्याच्यापुढे माणूस बसतो, आणि बसलेल्या माणसाचे दोन्ही हात किल्ल्यांच्या पाटीवरच असतात. सहा आकडे दाबायला किती वेळ लागतो? चहाचा एक घोट. तो वाचवण्यासाठी मूळ यंत्रात नसलेला कॅमेरा विकत आणायचा, तोही साधा चालत नाही, अवरक्ताचा लागतो, आणि तो आपल्या तोंडासमोर वर्षानुवर्षे टांगून ठेवायचा! कारखान्यात तर मौजच. रंगाची फवारणी चालू असताना माणसे नाकातोंडाला रुमाल बांधतात. मालक मधेच एक पत्ता पाहायला आले की आधी रुमाल सोडायचा, तोंड दाखवायचे, पुन्हा रुमाल बांधायचा. 2016 साली फेसबुकच्या धन्याचा एक फोटो जगभर गाजला, तो त्याच्या संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसली म्हणून. जो माणूस दुनियेची तोंडे गोळा करून श्रीमंत झाला, त्याने आपल्या तोंडापुढचा डोळा झाकून ठेवला होता. आणि ज्या अ‍ॅपलने फोनाला तोंडाची किल्ली बसवली, तिने आपल्या संगणकांना आजवर ती बसवलेली नाही. तिथे बोटावरच भागवले आहे. कारण काय, ते तिचे तिला माहीत. तिच्या गिऱ्हाइकांचे त्यावाचून काही अडले नाही, एवढे मात्र दिसते.

टेबलावरच्या संगणकाचा आणखी एक धर्म आहे, जो शहरातल्या कारागिरांच्या ध्यानात येत नाही. तो एका माणसाचा नसतो. घरात एक असतो तेव्हा तो घराचा असतो. कारखान्यात एक असतो तेव्हा तो कारखान्याचा असतो. आपल्याकडे किल्ली ही देण्याघेण्याची वस्तू आहे. शेजारणीकडे ठेवतात, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवतात, सुनेच्या कंबरेला लावतात, आणि त्या दिवशी घराला कळते की सासूबाईंनी संसार हाती दिला. मालक मुंबईला गिऱ्हाइकाकडे गेलेले असताना फोन करून सांगू शकतात, की अमुक आकडे टाक, उघड, आणि दादरच्या मंडळाचा पत्ता बघ. काम झाले की दुसऱ्या दिवशी आकडे बदलू शकतात. तोंड असे देता येत नाही, परतही घेता येत नाही. वृद्ध झाले, आजारी पडले, गेले, तर ती किल्ली त्यांच्याबरोबर जाते. माणसाबरोबर जळून जाणारी किल्ली कुठल्याही व्यवहारी समाजाने आजवर बनवली नव्हती.

गुप्ततेच्या नावाने हे सारे चालते, म्हणून एक गोष्ट ओघात सांगतो. पेण तालुक्याला लुबाडले गेल्याचा अनुभव आहे. पेण अर्बन बँकेचा घोटाळा 2010 साली उघडकीस आला. बनावट कर्जखात्यांमधून पैसा गेला आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे कष्टाचे पैसे अडकले. तिथे बाहेरच्या कुणी परवलीचा शब्द चोरून दार फोडले नव्हते. म्हणून कुलूप नव्या पद्धतीचे आहे एवढ्यावर कुणी आपल्याला निश्चिंत करू पाहिले, तर पेणच्या माणसाने आधी विचारावे, की आत कोण बसले आहे?

आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. आज हे सारे 'सोय' म्हणून पुढे केले जाते. सोयीची सक्ती कशी होते, हे ह्या देशाने बोटांच्या बाबतीत पाहिलेले आहे. 1858 साली बंगालमधल्या जंगीपूर इथे हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, तो त्याने पुढे नाकबूल होऊ नये एवढ्यासाठी. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे दफ्तर उघडले, तोवर ठसा गुन्हेगार ओळखायचे साधन झाला होता. 2010 च्या सप्टेंबरात आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार वाटले गेले, आणि अंगठा हा जगण्याचा परवाना झाला. मग कळले, की कष्ट करणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात. शेतकऱ्याचे, विटा वाहणाऱ्याचे, आमच्या मूर्तिकाराचे. तेव्हा 2018 साली आधारवाल्यांनी सांगितले, की ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांच्यासाठी तोंड पाहण्याची सोय करू. किती दयाळू विचार! आणि 1 जुलै 2025 पासून अंगणवाडीत घरी न्यायचा शिधा घ्यायला आलेल्या बाईचे तोंड जुळल्याशिवाय शिधा द्यायचा नाही, असा नियम झाला. सात वर्षांत दया नियमात बदलली. अंगणवाडीताईला त्या गरोदर बाईचे नाव, गाव, सासर, माहेर सारे तोंडपाठ असते. पण ताईने ओळखले हे आता पुरेसे नाही. फोनाने ओळखले पाहिजे. जंगलात, उन्हात, जाळे नसलेल्या पाड्यावर.

हा सरकारचा कारभार झाला, त्याचा टेबलावरच्या संगणकाशी काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध सवयीचा आहे. घरच्या यंत्रापुढे रोज दोनदा तोंड धरून उभे राहायची सवय ज्याला लागली, त्याला दुसऱ्याने तोंड मागितले तर त्यात काही मागितले गेले आहे असे वाटेनासे होते. उद्या शाळा मागेल, परवा कारखानदार हजेरीसाठी मागेल. आपण नकार देऊ शकत होतो, हेच आधी विसरायला होते.

माझी मागणी अतिरेकी नाही. ज्याला हात नाहीत, ज्याला बोटे चालवता येत नाहीत, त्याच्यासाठी तोंडाची किल्ली ही किमया आहे. त्याला ती अवश्य द्यावी, स्वस्तात द्यावी, आणि त्याने मागितल्यावर द्यावी. मात्र धडधाकट माणसाच्या टेबलावरच्या यंत्राने, नवे खोके उघडल्याबरोबर, 'तुमचे तोंड दाखवा' असे म्हणू नये. ती पाटी तिथून काढून टाकावी. विकणाऱ्याने तिचा गवगवा करू नये. आणि जिथे यंत्र चार माणसे वापरतात, त्या कारखान्यात, शाळेत, ग्रामपंचायतीत ती किल्ली बसवूच नये. झिजलेल्या अंगठ्याला उपाय हवा, ह्यात शंका नाही. पण ज्या मालकांचा अंगठा नाकारला गेला त्यांचे तोंडही वर्षाने नाकारले गेले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शरीराचा जो जो भाग यंत्रापुढे ठेवाल तो तो कधी ना कधी झिजणार, सुजणार, वाकडा होणार. म्हातारपण म्हणजे दुसरे काय असते?

त्या वर्षी जोह्यात पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दोन दिवस खटपट करून तंत्रज्ञाने हात टेकले आणि यंत्र पुसून नव्याने मांडले. आतली यादी गेली. मालकीणबाईंनी मग कपाटातून एक वही काढली. नवऱ्याचा कॉम्प्युटर आल्यावरही, कुणाला न सांगता, त्या आलेल्या प्रत्येक गाडीचा आणि इसाराचा हिशेब आपल्या मोडक्या अक्षरात लिहीत आल्या होत्या. त्या वहीवरून मुलाने एकेका मंडळाला फोन लावला. काही ठिकाणी इसाराचा आकडा जुळला नाही. तिथे गिऱ्हाइकाने सांगितला तो धरला. एकाने कमी सांगितला असावा असा मुलाला संशय होता, तरी तो गप्प राहिला. गणपती वेळेवर गेले.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो. पुढल्या वर्षीच्या साच्यांची जुळवाजुळव चालू होती. मालक आता काठी घेऊन शेडमध्ये येतात, तोंड अजून किंचित वाकडे आहे, आणि आखणी करणाऱ्या पोराच्या मागे उभे राहून त्याला 'हळू, हळू' म्हणतात. कॉम्प्युटरवरचा कॅमेरा काढून टाकला आहे. त्याच्या जागी रंगाचा एक जुना कुंचला ठेवलेला दिसला. आकडे आता घरातल्या तिघांना पाठ आहेत. मालक ते मलाही सांगायला निघाले होते. मी म्हटले, राहू द्या.